एकाच वेळी अनेकांची वाट पाहणे : सी भाषेतील प्रोग्राम आणि संथ नेटवर्क

वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटवरून भंडारा जिल्ह्यात येते आणि पवनी व गोसीखुर्द मागे टाकून चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहू लागते. एका तीरावर ब्रह्मपुरी, दुसऱ्या तीरावर वडसा आणि आरमोरी. पुढे चपराळ्याजवळ वर्धा नदीला मिळून ती प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत विलीन होते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या भागात अतिवृष्टी झाली. संजय सरोवरातून पाणी सोडण्यात आले, गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि ब्रह्मपुरी, वडसा व आरमोरी परिसरातील अनेक गावे पाण्याने वेढली गेली. नदीकाठी राहणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही की, वरचे पाणी खाली पोहोचायला काही तास लागतात आणि तेवढ्या तासांत माणसे, गुरे आणि धान्य उंचावर नेता येते. मात्र त्यासाठी बातमी पाण्याच्या पुढे धावली पाहिजे.

प्रस्तुत लेख पुरावर नाही. अशी बातमी अनेक ठिकाणांहून गोळा करणारा संगणकाचा प्रोग्राम कसा लिहावा, विशेषतः ज्या प्रदेशात नेटवर्क संथ आहे आणि अधूनमधून तुटते त्या प्रदेशासाठी तो कसा लिहावा, हा या लेखाचा विषय आहे. स्मरणिकेच्या वाचकांत संगणकशास्त्र शिकलेले माजी विद्यार्थी आहेत, तसेच ज्यांनी कधी एक ओळही प्रोग्राम लिहिलेला नाही असे पालकही आहेत. दोघांनाही सोबत घेऊन चालण्याचा प्रयत्न करतो. मध्ये दोन-तीन परिच्छेद केवळ पहिल्या गटासाठी आहेत. पालकांनी ते खुशाल ओलांडून पुढे जावे.

केंद्रीय जल आयोगाची निरीक्षण केंद्रे आपल्या परिसरातील नद्यांवर आहेत. वैनगंगेवर पवनी आणि आष्टी, वर्धेवर बामणी, प्राणहितेवर टेकरा, इंद्रावतीवर पातागुडम ही त्यांपैकी काही. आता असे समजू या की, अशा १२ ठिकाणांची पाण्याची पातळी १२ निरनिराळ्या संगणकीय पत्त्यांवर मिळते आणि दर काही मिनिटांनी ती आणून एका तक्त्यात मांडायची आहे. हे उदाहरण समजावून सांगण्यासाठी घेतलेले आहे. आयोगाची व्यवस्था नेमकी अशीच चालते असे येथे म्हणावयाचे नाही.

प्रोग्राम लिहू लागलेला विद्यार्थी हे काम साहजिकपणे असे करील : यादीतील पहिला पत्ता घ्या, तेथून माहिती मागवा, ती आली की दुसरा पत्ता घ्या. बारा झाले की थांबा. यात तर्काची चूक काहीही नाही आणि वर्गातील संगणकावर हा प्रोग्राम उत्तम चालतो. समजा, दहा केंद्रांची उत्तरे प्रत्येकी २ सेकंदांत येतात, एका केंद्राचे उत्तर यायला ४० सेकंद लागतात आणि एका ठिकाणची वीज गेल्यामुळे तेथून काहीच येत नाही. आपण पुढे ज्या लायब्ररीचा विचार करणार आहोत ती, वेगळे काही सांगितले नसेल तर, कनेक्शन जुळण्यासाठी ३०० सेकंद वाट पाहते. म्हणजे २० अधिक ४० अधिक ३००, एकूण ३६० सेकंद. सहा मिनिटे! त्यातही ते बंद पडलेले केंद्र यादीत तिसरे असेल, तर त्याच्या मागची नऊ केंद्रे आपापली उत्तरे देण्यास सिद्ध असूनही पाच मिनिटे त्यांना कोणी विचारतच नाही. या काळात संगणक काय करीत असतो? जवळजवळ काहीच नाही. तो वाट पाहत असतो.

ज्यांनी वसतिगृहात मोबाइलपूर्व काळ काढला आहे त्यांना कार्यालयातील एकुलता एक दूरध्वनी आठवत असेल. रविवारी त्याच्यापुढे रांग लागे. पुढच्या मुलाचा गावाकडील फोन लागत नसे, तो पुन्हा पुन्हा क्रमांक फिरवीत राही, आणि ज्यांचे फोन पहिल्याच घंटेला उचलले गेले असते अशी दहा मुले मागे ताटकळत उभी असत. रांगेतील प्रोग्राम अगदी असाच असतो. फरक इतकाच की दूरध्वनी खरोखर एकच होता. संगणकाला मात्र एकाच वेळी शेकडो कनेक्शने उघडी ठेवता येतात. ती रांग आपण विनाकारण लावलेली असते.

वेळ नेमका कोठे जातो

नेटवर्कचा ‘वेग’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत. एक म्हणजे वाहिनीची रुंदी : एका सेकंदात किती माहिती वाहून येऊ शकते. दुसरी म्हणजे फेरीचा वेळ : प्रश्न जाऊन उत्तराचा पहिला अंश परत यायला किती वेळ लागतो. छोट्या छोट्या माहितीसाठी, आणि पाण्याची पातळी म्हणजे काही अंक एवढीच माहिती, रुंदीला फारसे महत्त्व नसते. वेळ जातो तो फेऱ्यांत.

जंगलातील एखादे ठिकाण उपग्रहामार्फत जोडलेले असेल तर हे हिशेबाने दाखविता येते. पृथ्वीबरोबर फिरणारा, आकाशात एकाच जागी स्थिर भासणारा दळणवळणाचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. प्रश्न वर जाणार, खाली येणार. उत्तर पुन्हा वर जाणार, खाली येणार. चार वेळा ते अंतर म्हणजे १,४३,१४४ किलोमीटर. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धरला तरी एका फेरीला किमान ०.४८ सेकंद लागणारच. कितीही पैसे खर्च केले तरी हा आकडा कमी होत नाही. आणि फेरी एकच नसते. पत्त्याचे नाव आधी ठाऊक नसेल तर ते अंकांत बदलून घेण्याची एक फेरी, कनेक्शन जुळण्याची एक, सुरक्षित संवादासाठी किल्ल्या ठरविण्याची किमान एक, आणि मग खरा प्रश्न विचारण्याची एक. सुरक्षेची जुनी पद्धत असेल तर आणखी एक. म्हणजे माहितीचे पहिले अक्षर हाती येण्यापूर्वीच दोन ते अडीच सेकंद गेलेले असतात. रांगेने बारा ठिकाणी जाणारा प्रोग्राम ही किंमत बारा वेळा मोजतो. सर्वांना एकदमच विचारणारा प्रोग्राम ती जवळपास एकदाच मोजतो, कारण साऱ्या प्रतीक्षा एकमेकींवर पडतात.

आपला ब्राउझर हेच करतो. शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ उघडले की त्या एका पानासाठी चित्रे, अक्षरवळणे आणि इतर कितीतरी फाइली लागतात. जुन्या पद्धतीच्या संवादात ब्राउझर एका सर्व्हरशी साधारण सहा कनेक्शने एकाच वेळी उघडतो. त्याने सारे रांगेने आणले असते तर अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी पडद्यावर फिरणारे ते चक्र याहूनही अधिक काळ फिरत राहिले असते.

थांबविणारी आणि न थांबविणारी मागणी

सी भाषा १९७० च्या दशकाच्या आरंभी डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये घडविली. तिच्यात प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी जवळ राहून काम करतो. नेटवर्कवरून काही वाचायचे असेल तर तो सिस्टिमला म्हणतो, ‘या कनेक्शनवर आलेले मला दे.’ काहीच आलेले नसेल तर सिस्टिम प्रोग्रामला तेथेच निजवून ठेवते आणि काही आले की उठविते. याला ब्लॉकिंग म्हणतात. मराठीत अडवणूक म्हणता येईल, पण त्या शब्दात उगीच वाईट हेतू डोकावतो, म्हणून रूढ शब्दच ठेवतो. कनेक्शनला ‘नॉन-ब्लॉकिंग’ असे चिन्ह लावले की सिस्टिमचे वागणे बदलते. काही आले नसेल तर ती लगेच सांगते, ‘आत्ता काही नाही, नंतर विचार.’ प्रोग्राम मोकळा राहतो आणि दुसऱ्या कनेक्शनकडे वळू शकतो.

पण मग नवीनच अडचण उभी राहते. बारा कनेक्शनांना ‘आले का, आले का’ असे सेकंदाला लाखो वेळा विचारीत बसणे हा संगणकाचा आणि विजेचा अपव्यय आहे. सौर बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रासाठी तर तो गुन्हाच म्हणावा लागेल. हवे ते असे की, बाराही कनेक्शने सिस्टिमच्या हवाली करून म्हणावे, ‘यांपैकी कोणावरही काही घडले की मला उठव, काहीच घडले नाही तर एका सेकंदाने उठव.’ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील युनिक्समध्ये १९८३ साली ‘सिलेक्ट’ नावाची हीच सोय आली. तिच्यात प्रचलित मांडणीनुसार १०२४ क्रमांकापलीकडचे कनेक्शन बसत नाही. पुढे ‘पोल’ आले. २००२ च्या सुमारास लिनक्समध्ये ‘ईपोल’ आले आणि एका यंत्रावर दहा हजार कनेक्शने सांभाळणे आवाक्यात आले. १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी हाच दहा हजारांचा प्रश्न आव्हान म्हणून मांडला होता.

एवढे असूनही हे सारे स्वतः लिहिणे शहाणपणाचे नाही. नाव शोधणे, सुरक्षेच्या किल्ल्या, अर्धवट आलेली उत्तरे, मधेच दुसऱ्या पत्त्याकडे पाठविणारे सर्व्हर, हे सर्व न अडता हाताळणे फार किचकट असते. त्यासाठी ‘लिबकर्ल’ ही सी भाषेतील लायब्ररी आहे. तिची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. ब्राझीलच्या राफाएल सागुला यांनी ‘एचटीटीपीगेट’ नावाचा छोटासा प्रोग्राम लिहिला होता. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांना १९९६ मध्ये इंटरनेटवरील गप्पांच्या कट्ट्यासाठी चलनांचे दर आपोआप आणणारे साधन हवे होते. त्यांनी तो प्रोग्राम हाती घेतला, वाढविला आणि २० मार्च १९९८ रोजी ‘कर्ल’ या नावाने प्रसिद्ध केला. २००० साली त्यातून लायब्ररी निघाली आणि २००२ मध्ये तिला अनेक देवाणघेवाणी एकत्र चालविणारा ‘मल्टी’ हा भाग मिळाला. आज दूरचित्रवाणी संचांपासून मोटारगाड्यांपर्यंत अब्जावधी उपकरणांत ती आहे. ती विनामूल्य आहे, तिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो आणि भामरागडच्या विद्यार्थ्याला ती मिळविण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. ही शेवटची बाब मला सर्वांत मोलाची वाटते.

फळीवरचा मुन्शी

मल्टीची रचना समजण्यासाठी आपल्याकडचे एक चित्र पुरेसे आहे. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर मुन्शी वही घेऊन बसतो. वहीत प्रत्येक कुटुंबाचे एक पान असते. कोणी दहा पुडे आणतो, कोणी पन्नास. कोणी दोन वेळा येतो. मुन्शी एका कुटुंबाचे सारे पुडे येईपर्यंत दुसऱ्याला ताटकळत ठेवीत नाही. जो आला त्याचे पुडे मोजतो, त्याच्या पानावर मांडतो आणि पुढच्याकडे वळतो. कोणीच नसेल तर झाडाखाली विसावतो, आणि कोणी हाक मारली की उठतो. दिवस मावळला की फळी बंद होते.

लिबकर्लमध्ये प्रत्येक पान म्हणजे एक ‘इझी हँडल’ आणि संपूर्ण वही म्हणजे ‘मल्टी हँडल’. फंक्शनांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो. प्रत्यक्ष प्रोग्रामात ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत असतात. ‘कर्ल_मल्टी_इनिट’ने वही उघडायची. बारा पत्त्यांसाठी ‘कर्ल_इझी_इनिट’ने बारा पाने करायची, प्रत्येकावर पत्ता आणि अटी लिहायच्या आणि ‘कर्ल_मल्टी_ॲड_हँडल’ने ती वहीत लावायची. मग एक लूप सुरू होते. त्यात ‘कर्ल_मल्टी_परफॉर्म’ हे फंक्शन बाराही कनेक्शनांवर आत्ता जेवढे काम होण्यासारखे आहे तेवढे करते आणि थांबून न राहता परत येते. येताना किती देवाणघेवाणी अजून चालू आहेत तो आकडा देते. त्यानंतर ‘कर्ल_मल्टी_पोल’ म्हणजे मुन्शीचे झाडाखाली विसावणे : कोणत्याही कनेक्शनवर हालचाल झाली की उठायचे, नाहीतर दिलेल्या मिलिसेकंदांनी. हे फंक्शन सप्टेंबर २०१९ च्या ७.६६.० या आवृत्तीत आले. त्याआधीचे ‘कर्ल_मल्टी_वेट’ हे पाहण्यासारखे कोणतेही कनेक्शन नसेल तर न थांबताच परत येत असे आणि लूप मोकाट धावू लागे. जुन्या पुस्तकांत ते आढळले तर नवे वापरावे.

चालू देवाणघेवाणींचा आकडा शून्य झाला की लूप संपते. पण शून्य याचा अर्थ ‘सर्व संपल्या’ असा आहे, ‘सर्व यशस्वी झाल्या’ असा नाही. कोणाचे काय झाले ते ‘कर्ल_मल्टी_इन्फो_रीड’ सांगते. ते पुन्हा पुन्हा बोलवायचे. दर वेळी संपलेल्या एका हँडलचा निकाल मिळतो. शून्य म्हणजे देवाणघेवाण पूर्ण, ६ म्हणजे पत्त्याचे नाव सापडले नाही, ७ म्हणजे कनेक्शन जुळले नाही, २८ म्हणजे दिलेली मुदत संपली. निकाल वाचून आपल्याकडे उतरवून घ्यावा आणि मगच ‘कर्ल_मल्टी_रिमूव्ह_हँडल’ने ते पान काढावे, कारण पान काढल्यावर निकालाची ती जागा वैध राहत नाही.

यापुढील मजकूर प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी आहे. आलेली माहिती आपल्याच एका फंक्शनच्या हाती तुकड्यातुकड्याने दिली जाते. एक तुकडा सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त १६ किलोबाइटचा असतो. त्याच्या शेवटी सी भाषेतील मजकुराचे समाप्तिचिन्ह नसते, त्यामुळे त्याला तसाच मजकूर समजून छापू नये. बारा कनेक्शनांचे तुकडे कोणत्याही क्रमाने येतात. ते सर्व एकाच सार्वत्रिक बफरमध्ये टाकले तर आष्टीच्या अंकांना बामणीचे अंक चिकटतील. म्हणून प्रत्येक हँडलला स्वतःचा बफर द्यावा, त्याचा पत्ता ‘राइटडेटा’ या पर्यायातून सोपवावा आणि गरजेप्रमाणे ‘रीॲलॉक’ने तो वाढवावा. ‘प्रायव्हेट’ या पर्यायाने प्रत्येक हँडलला केंद्राची नोंद जोडून ठेवता येते, म्हणजे निकाल हाती आला की तो कोणाचा हे शोधावे लागत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या फंक्शनात जड काम करू नये. तेथे दोन सेकंद घालविले तर बाराही कनेक्शने दोन सेकंद थांबतात, कारण मुन्शी एकच आहे. तसेच नाव शोधण्याचे काम न अडता व्हावे यासाठी लायब्ररी त्या सोयीसह बांधलेली असावी लागते. आजच्या बहुतेक लिनक्स वितरणांत ती असते. एखाद्या छोट्या उपकरणासाठी स्वतः लायब्ररी बांधणाऱ्याने मात्र हे तपासून घ्यावे.

‘त्यापेक्षा बारा थ्रेड का करू नयेत?’ असे काही जण विचारतील. बारा असतील तर जरूर करावेत, चालते. बाराशे झाले की स्मृती, कुलपे आणि एकमेकांच्या पायांत पाय अडकणे हे प्रश्न सुरू होतात.

मुदत कोणी ठरवायची

आता मला ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहावासा वाटला तेथे आलो. न अडणारा प्रोग्राम झाला म्हणजे संथ प्रदेशाला न्याय मिळाला असे होत नाही. वाट किती पाहायची हे प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते.

लिबकर्लला एकूण मुदत सांगितली नाही तर तशी मुदतच नसते; एकदा कनेक्शन जुळले की ती अनंत काळ वाट पाहू शकते. हे टाळण्यासाठी महानगरात बसलेला प्रोग्रामर एक ओळ लिहितो : एकूण मुदत ५ सेकंद. त्याच्या टेबलावर उत्तर अर्ध्या सेकंदात येते, त्यामुळे त्याला पाच सेकंद उदार वाटतात. तोच प्रोग्राम एटापल्लीच्या पुढे एखाद्या गावात चालू लागला की काय होते? माहिती येत असते, हळूहळू पण निश्चितपणे येत असते, आणि पाचव्या सेकंदाला प्रोग्राम तिचा गळा दाबतो. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, पुन्हा पाच सेकंद. अशा रीतीने ती फाइल कधीच पूर्ण होत नाही, आणि वापरणाऱ्याला वाटते की आपल्याकडे नेटवर्कच नाही. नेटवर्क असते. त्याच्यासाठी वेळ राखून ठेवलेला नसतो.

याला उपाय आहे आणि तो लायब्ररीत अनेक वर्षांपासून आहे. एकूण मुदतीऐवजी ‘लो स्पीड लिमिट’ आणि ‘लो स्पीड टाइम’ हे दोन पर्याय वापरता येतात. उदाहरणार्थ, ‘सलग ३० सेकंद सरासरी वेग सेकंदाला १०० बाइटच्या खाली राहिला तरच सोडून दे.’ यामुळे संथ पण जिवंत कनेक्शन टिकते आणि मेलेले कनेक्शन अर्ध्या मिनिटात सुटते. कनेक्शन जुळण्याची मुदत मात्र ३०० सेकंदांवरून खाली आणावी. २० ते ३० सेकंद पुरेसे आहेत असे माझे मत आहे. मोठी फाइल मधेच तुटली तर आलेला भाग जपून ठेवून तेथूनच पुढे मागण्याची सोयही आहे, मात्र समोरच्या सर्व्हरने तिला साथ दिली पाहिजे.

आपल्या बारा केंद्रांचा हिशेब आता पुन्हा मांडू. दहा केंद्रांचे अंक दोन-तीन सेकंदांत तक्त्यावर येतात. बंद केंद्राबद्दल तिसाव्या सेकंदाला निर्णय होतो. संथ केंद्राची माहिती थोडी थोडी येत राहिली, तर चाळिसाव्या सेकंदाला तीही पोहोचते. सहा मिनिटांचे काम चाळीस सेकंदांत झाले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बहुतांश माहिती तिसऱ्या सेकंदालाच उपयोगात आली. मात्र त्यासाठी एखादी देवाणघेवाण संपताच तिचा अंक दाखवायला हवा. सर्व संपेपर्यंत तक्ता रोखून धरणारा प्रोग्राम लूप बदलूनही रांगेचाच राहतो.

त्या बंद केंद्राचे काय करायचे? येथे प्रोग्रामरकडून सर्वांत धोकादायक गफलत होते. उत्तर आले नाही म्हणून तक्त्यात जुनाच अंक तसाच राहू दिला जातो. पाहणाऱ्याला वाटते, पातळी स्थिर आहे. पण पुराच्या काळात केंद्र गप्प होणे हीच एक बातमी असू शकते : टॉवरची वीज गेली असेल, यंत्रच पाण्याखाली गेले असेल. पर्लकोटेचे पाणी पुलावर चढून भामरागड जगापासून तुटते, तेव्हा तेथील मौन हे सुरक्षिततेचे चिन्ह नसते. म्हणून ‘पातळी बदलली नाही’ आणि ‘पातळी कळली नाही’ या दोन नोंदी वेगळ्या असाव्यात आणि प्रत्येक अंकाशेजारी तो केव्हाचा आहे ती वेळ असावी. दुसरी गफलत याच जातीची. सर्व्हरने ‘पान सापडले नाही’ असे ४०४ क्रमांकाचे उत्तर दिले तरी लिबकर्लच्या लेखी देवाणघेवाण यशस्वीच असते आणि निकाल शून्य येतो, कारण उत्तर पोहोचले, मग ते नकाराचे का असेना. उत्तराचा क्रमांक स्वतंत्रपणे तपासला नाही तर त्रुटीचे पान पातळी म्हणून वाचले जाईल.

एका मर्यादेचीही नोंद केली पाहिजे. एकाच वेळी अनेक कनेक्शने उघडल्याने वाहिनी रुंद होत नाही. गावातील शाळेत मुळातच अरुंद वाहिनी असेल आणि वीस मोठ्या चित्रफिती उतरवायच्या असतील, तर वीसही एकदम सुरू केल्याने प्रत्येकीला विसावा हिस्सा मिळेल आणि कोणतीच लवकर पूर्ण होणार नाही. तेथे दोन-दोन किंवा तीन-तीन आणणेच इष्ट, म्हणजे निदान पहिली चित्रफीत वर्ग संपण्यापूर्वी दाखविता येईल. मल्टी हँडलला एकूण किती आणि एका सर्व्हरशी किती कनेक्शने उघडायची हे सांगता येते. उरलेल्या देवाणघेवाणी लायब्ररी स्वतःच रांगेत ठेवते. समोरचा सर्व्हरही कोणाच्या तरी तुटपुंज्या साधनांवर चालत असतो, हे ध्यानात ठेवून ही संख्या ठरवावी.

ज्यांना हे स्वतः करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी : उबुंटूवर लिबकर्लचे ‘डेव्ह’ पॅकेज बसविले की जीसीसीने प्रोग्राम बांधता येतो. लायब्ररीच्या मूळ मजकुरासोबत ‘डॉक्स’मध्ये ‘एक्झाम्पल्स’ हा फोल्डर असतो. त्यातील ‘टेन-ॲट-अ-टाइम’ नावाचा छोटा प्रोग्राम लांबलचक यादीतील दहा पत्ते एका वेळी चालू ठेवतो आणि एक संपला की पुढचा घेतो. तो वाचून काढण्यास एक दुपार पुरते. शाळेच्या संगणक कक्षात तो चालवून पाहताना यादीत एक पत्ता मुद्दाम बंद असलेल्या यंत्राचा घालावा, लिनक्समधील ‘टीसी’ या साधनाने प्रत्येक फेरीला अर्ध्या सेकंदाचा विलंब लावावा आणि आधी रांगेचा, मग मल्टीचा प्रोग्राम घड्याळ लावून चालवावा. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी हाच अर्ध्या सेकंदाचा विलंब आपल्या कार्यालयातील चाचण्यांतही लावून पाहावा.